राख, रिठा आणि पाकीट : घरातल्या स्वच्छतेचा विसरलेला हिशेब

#थ्रेड

१/
स्वयंपाकघरातल्या ओट्याखालचे कपाट उघडले, की भांडी घासण्याच्या द्रवाची बाटली, फरशी पुसण्याच्या द्रवाचा कॅन, कपड्यांच्या पावडरीचे पाकीट आणि हिरवी घासणी एका रांगेत दिसतात. यांतली जवळजवळ प्रत्येक वस्तू प्लास्टिकची असते, नाहीतर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. अशा वेळी अनेक घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते : "आजीच्या काळी यातले काहीच नव्हते, तरी घर कसे लख्ख असे."

२/
हे वाक्य खरे आहे, पण अर्धेच आहे. घर लख्ख असे. मात्र ते लख्ख कोण करीत असे, त्यासाठी किती वेळ जात असे आणि त्याचा मोबदला काय मिळत असे, हा उरलेला अर्धा भाग त्यात येत नाही. प्लास्टिकमुक्त स्वच्छतेकडे पुन्हा वळू पाहणाऱ्या आजच्या धावपळीच्या घरांना नेमका तोच भाग उपयोगी पडणारा आहे. हा धागा त्या हिशेबाचा.

३/
प्रारंभ राखेपासून करावा लागतो. चूल, शेगडी आणि आंघोळीचे पाणी तापवणारा तांब्याचा बंब, ही जुन्या मराठी घरातली राखेची तीन उगमस्थाने. रोज स्वयंपाक होई, रोज पाणी तापे आणि रोज राख उरे. ही राख चाळून भांड्यांसाठी वेगळी ठेवली जाई. म्हणजे भांडी घासण्याचे द्रव्य विकत आणावे लागत नव्हते. स्वयंपाकाच्या आगीचाच तो उरलेला भाग होता. जे विकत घेतले नाही, त्याला वेष्टन असण्याचा प्रश्नच येत नाही.

४/
राखेने भांडी निघतात यामागे साधे रसायन आहे. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट हा क्षार असतो. तो पाण्यात विरघळला की तेल-तूप सुटायला मदत होते. राखेचे बारीक कण उरलेला ओशटपणा शोषतात आणि खरवडतात. जोडीला नारळाची शेंडी किंवा वाळलेल्या घोसाळ्याची जाळी असे. शेंडी झिजली की चुलीत जाई आणि तिचीही राख होई. वर्तुळ तिथे पूर्ण होई.

५/
पितळेची आणि तांब्याची भांडी हा वेगळा विषय होता. हवेतल्या प्राणवायूमुळे त्यांवर काळपट थर चढतो. चिंचेतले आणि आमसुलातले आम्ल तो थर विरघळवते. म्हणून आमटीत वापरून झालेल्या चिंचेचा चोथाही टाकला जात नसे, तो समई आणि कळशी घासायला जाई. आंबट पदार्थ पितळेत कळकू नये म्हणून भांड्यांना आतून कथलाचा मुलामा दिला जाई. तोच कल्हईवाल्याचा धंदा. दारोदार फिरणारी त्याची भट्टी आणि भाता आज फार थोड्यांच्या आठवणीत उरला आहे.

६/
रेशीम, लोकर आणि दागिने यांच्यासाठी रिठा, केसांसाठी शिकेकाई. दोन्हींत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. ती पाण्याचा पृष्ठताण कमी करतात आणि फेस आणतात. रिठ्याचे पाणी राखेच्या पाण्याइतके तीव्र नसते. म्हणूनच रेशीम किंवा पश्मिना त्यात टिकते आणि सराफही सोन्याचा मळ काढायला रिठाच वापरीत आले. कोणत्या वस्तूला कोणते द्रव्य सोसते, याचे हे ज्ञान घराघरांत होते आणि ते मुख्यतः स्त्रियांकडे होते.

७/
आता श्रमाची बाजू. गावातले मोठे धुणे परिटाकडे जाई. खारात भिजवलेले कपडे भट्टीवर वाफवणे, नदीकाठच्या दगडावर आपटणे, वाळवणे आणि घरपोच आणून देणे, हे सारे त्याचे काम. परीट हा बारा बलुतेदारांपैकी एक. मोबदला सुगीच्या वेळी धान्याच्या रूपात मिळे आणि त्याचे माप शेतकऱ्याच्या हाती असे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशीलवार चित्र आहे.

८/
केरसुणीची कथा अधिक बोलकी आहे. शिंदीच्या पानांची केरसुणी आणि केकताडाचे दोर वळणे हे परंपरेने मातंग समाजाचे काम. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहिले जाते, कारण ती घरातली लक्ष्मी मानली जाते. मात्र ती वळणाऱ्या हातांना त्याच घराचा उंबरा ओलांडण्याची मुभा नव्हती. वस्तू पूज्य आणि ती घडवणारा अस्पृश्य, ही विसंगती त्या 'नैसर्गिक' व्यवस्थेच्या मध्यभागी बसलेली होती.

९/
कापडाचेही असेच वर्तुळ होते. लुगडे जुने झाले की त्याची गोधडी होई, गोधडी विरली की फडकी, आणि फडक्यांचे शेवटी पोतेरे. त्याआधी बोहारीण दारात आली, तर जुन्या कपड्यांवर घासाघीस करून एखादे भांडे घेतले जाई. घरातून बाहेर पडणारी वस्तू दुसऱ्या कुणाच्या तरी उपजीविकेचे साधन होती. 'कचरा' या शब्दात मुख्यतः केर, पालापाचोळा आणि उष्टे-खरकटे एवढेच येई.

१०/
तेव्हा जुन्या घरात कचरा कमी होता, त्याची कारणे तीन. स्वच्छतेची द्रव्ये चूल, झाड आणि माती यांतून थेट मिळत. वस्तू शेवटच्या धाग्यापर्यंत वापरल्या जात. आणि हे सारे चालवायला भरपूर मनुष्यबळ होते : घरात विनावेतन, घराबाहेर बलुत्यावर. पहिल्या दोन कारणांचा आज गौरव होतो. तिसऱ्याचा उल्लेख सहसा होत नाही.

११/
घरातल्या स्त्रीचा दिवस पाहिला की हे उमगते. पाणी विहिरीवरून किंवा नळावरून भरून आणायचे. शेणाने जमीन सारवायची. कढईचा तळ शेंडीने घासायचा. आणि धुणे दगडावर धोपटायचे. राखेला आणि रिठ्याला पैसे पडत नव्हते, कारण त्यांची किंमत मनगटातून वसूल होत होती. ज्या कुटुंबाला परवडे तिथे हे काम दुसऱ्या बाईच्या मनगटावर जाई, इतकाच फरक.

१२/
या व्यवस्थेत कारखान्यातला साबण आला. १८८० च्या दशकापूर्वी इंग्लंडमधला वाणी साबणाची लांब कांब कापून वजनावर विकत असे. विल्यम लिव्हर याने 'सनलाइट' साबणाच्या ठरावीक आकाराच्या वड्या आधीच कापून, कागदात गुंडाळून, नाव छापून विकायला सुरुवात केली. १८८८ मध्ये हा साबण कलकत्त्याच्या बंदरात उतरला. साबण जगाला नवा नव्हता. नवीन होते ते वेष्टन आणि त्यावरचे नाव. ग्राहक द्रव्यासोबत वेष्टनही विकत घेऊ लागला, तो इथून.

१३/
भारतात साबणापुढे आणखी एक अडचण होती. परदेशी साबणात जनावरांची चरबी असे आणि सोवळ्याओवळ्याच्या घरांत ती चालत नसे. १९१८ च्या सुमारास मुंबईच्या गोदरेज कंपनीने वनस्पती तेलांपासून केलेला 'चावी' हा साबण बाजारात आणला. स्वदेशीच्या वातावरणात तो निव्वळ कपडे धुण्याची वस्तू राहिला नाही, राजकीय निवड ठरला.

१४/
इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या सहा-सात दशकांत शहरी मराठी घर कारखान्यातली द्रव्ये वापरत होते आणि तरीही त्यात प्लास्टिक जवळजवळ नव्हते. साबणाची वडी कागदात येई, धुण्याचा सोडा वर्तमानपत्राच्या पुडीत, फिनेल काचेच्या बाटलीत किंवा पत्र्याच्या डब्यात. रिकामी बाटली आणि डबा रद्दीवाला घेई. राखेचे युग आणि पाकिटाचे युग यांच्या मधला हा कालखंड जवळजवळ विस्मृतीत गेला आहे.

१५/
मग राखच संपली. १९५५ मध्ये बर्मा-शेल कंपनीने मुंबईत स्वयंपाकाच्या गॅसची विक्री सुरू केली. पुढच्या काही दशकांत शहरांतली चूल, शेगडी आणि बंब मागे पडले. धूर गेला, काजळी गेली, स्त्रियांच्या डोळ्यांतले पाणी थांबले. आणि त्याबरोबरच रोज फुकट मिळणारे घासण्याचे द्रव्यही गेले. पितळेच्या जागी स्टेनलेस स्टील आले आणि चिंचेचे व कल्हईचे कामही संपले. भांड्यांच्या पावडरीची बाजारपेठ या रिकाम्या जागेत उभी राहिली.

१६/
१९५९ मध्ये हिंदुस्थान लिव्हरने 'सर्फ' आणला. हा साबण नव्हता, डिटर्जंट होता. साबण जड पाण्यातल्या कॅल्शियमशी संयोग पावून पांढरा साका तयार करतो. डिटर्जंटचे तसे होत नाही. खारट विहिरीचे किंवा बोअरचे पाणी वापरणाऱ्या वस्त्यांसाठी हा फरक मोठा होता. शिवाय कपडे बादलीत भिजवून ठेवता येत, त्यामुळे वडी चोळण्याचे कष्ट कमी झाले. पण ही पावडर महाग होती आणि मध्यमवर्गाच्या वरच्या थरातच राहिली.

१७/
ती कोंडी अहमदाबादेत फुटली. गुजरात सरकारच्या खनिज व भूगर्भ खात्यात रसायनतज्ज्ञ असलेल्या करसनभाई पटेल यांनी १९६९ मध्ये घराच्या अंगणात पिवळी पावडर बनवली आणि सायकलवरून दारोदार विकली. 'निरमा'ची किंमत 'सर्फ'च्या किमतीचा लहानसा अंश होती. ती प्लास्टिकच्या साध्या पिशवीत मिळे. कापड गिरणीतल्या कामगाराच्या घरात धुण्याची पावडर पहिल्यांदा पोचली, ती अशी. १९८० च्या दशकात 'सर्फ'ला ललिताजींच्या तोंडून खरेदीतल्या शहाणपणाचे धडे द्यावे लागले, ते या पावडरीच्या धास्तीने.

१८/
त्याच सुमारास तामिळनाडूतल्या कडलूरहून दुसरी कल्पना पुढे आली : शांपूची एका वापरापुरती पुडी. महिन्याच्या पगाराऐवजी रोजच्या मजुरीवर जगणाऱ्या माणसाला अख्खी बाटली घेणे शक्य नसते, पण एक पुडी घेता येते. लवकरच धुण्याची पावडरही तशा पुडीत येऊ लागली आणि वाण्याच्या दुकानाच्या दारात पुड्यांच्या माळा लटकल्या. प्लास्टिकच्या पुडीचा जन्म चंगळीतून झाला, असे म्हणता येत नाही. तुटपुंज्या आणि अनियमित उत्पन्नाशी तिचे नाते होते.

१९/
म्हणून पाकिटाला सरसकट खलनायक ठरवणे इतिहासाला धरून होणार नाही. कमी पाण्यात, जड पाण्यात, नोकरीवर जाण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात कपडे स्वच्छ होणे, हा लाखो स्त्रियांसाठी खरा दिलासा होता. परिटाच्या घरातली पुढची पिढी बलुत्यातून बाहेर पडू शकली, त्यालाही घरोघरच्या धुण्याच्या बदलाचा हातभार लागला. वाचलेला वेळ ही पाकिटाची जमेची बाजू आहे आणि ती मोठी आहे.

२०/
खर्चाची बाजू दुसरीकडे पडली. पावडरीचे चकचकीत पाकीट अनेकदा निरनिराळ्या प्लास्टिकचे थर चिकटवून केलेले असते. ते थर वेगळे करणे अवघड, म्हणून भंगाराच्या दुकानात त्याला भाव नाही. जाड प्लास्टिकच्या बाटलीला भाव आहे. पुण्यात १९९३ मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. संघटनेच्या नावातच कशाला किंमत होती ते दिसते : कागद, काच, पत्रा. पुडीला त्या नावात जागा नाही आणि बाजारातही नाही.

२१/
कायद्यानेही पुडीला वळसाच घातला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबई बुडाली आणि तुंबलेल्या गटारांमुळे प्लास्टिकच्या पिशव्या चर्चेत आल्या. २०१६ च्या केंद्रीय नियमांत पुनर्वापर न होणारी बहुस्तरीय पाकिटे दोन वर्षांत बंद करण्याची तरतूद होती. २०१८ मध्ये ती शिथिल झाली. त्याच वर्षी महाराष्ट्राने पिशव्या आणि थर्माकोलवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासूनच्या देशव्यापी बंदीच्या यादीत पेले, चमचे आणि स्ट्रॉ होते. पावडरीचे पाकीट नव्हते.

२२/
या पार्श्वभूमीवर आजचे घर प्रयोग करू पाहते आणि तिथे जुन्या साधनांच्या मर्यादा उघड होतात. राख परसातल्या मोरीला चालत होती. इमारतीच्या पाइपात तिचा गाळ बसतो. रिठ्याचे उकळलेले पाणी थोड्याच दिवसांत आंबते, ते वरचेवर करावे लागते. फळांच्या सालींपासून केलेले 'बायोएंझाइम' तयार व्हायला तीन महिने लागतात आणि सुरुवातीला त्यातून इतका वायू सुटतो, की काच फुटू नये म्हणून लोक ते प्लास्टिकच्याच बाटलीत ठेवतात. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले तर फेस येतो खरा, पण दोघे एकमेकांचा प्रभाव नाहीसा करतात.

२३/
याहून महत्त्वाचा प्रश्न हाताचा. शहरी मध्यमवर्गीय घरात भांडी बहुधा कामाला येणारी बाई घासते. पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींनी संप केला. वाढती महागाई आणि तुटपुंजा पगार हे त्यामागचे दुखणे होते. त्यातूनच त्यांची संघटना आकाराला आली. घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा राज्यात झाला तो थेट २००८ मध्ये. घराने कमी फेसाची, जास्त घासावी लागणारी पावडर आणली आणि बाईचा पगार व वेळ तोच ठेवला, तर पर्यावरणाचा खर्च कुणी भरला, याचे उत्तर स्पष्ट आहे.

२४/
इतिहास इथे एक मधला मार्ग दाखवतो. राखेच्या काळापर्यंत मागे जाण्याची गरज नाही. चौदाव्या भागातल्या कागदाच्या पुडीपर्यंत गेले तरी पुरते. भांड्यांसाठी कागदात गुंडाळलेली साबणवडी. यंत्रासाठी पुठ्ठ्याच्या खोक्यातली पावडर. ओशट ओट्यासाठी आणि मोरीसाठी सुटा धुण्याचा सोडा, घरच्याच डब्यात. घासायला काथ्या किंवा घोसाळ्याची जाळी. पुसायला जुन्या सुती कपड्याचे फडके. रेशमी साडीला आणि शालीला रिठा. यांतले काहीही घासणाऱ्याचे काम फारसे वाढवत नाही.

२५/
एक वस्तू संपली की तेवढीच बदलावी, असे जुन्या घराच्या रीतीशी सुसंगत आहे. भरलेली बाटली फेकून 'निसर्गस्नेही' बाटली आणणे त्या रीतीला सोडून आहे. आणि जिथे नवे साधन अधिक कष्ट मागते, तिथे ते कष्ट घरातल्या सर्वांत वाटले जावेत किंवा त्यांचा पगार वाढावा. जुन्या व्यवस्थेत नेमके हेच घडले नव्हते.

२६/
येत्या लक्ष्मीपूजनाला अनेक घरांत पुन्हा केरसुणी येईल. प्लास्टिकच्या दांड्याच्या झाडूपेक्षा ती मातीत लवकर मिसळते, हे खरे. तिला हळदकुंकू वाहताना ती कुणी वळली आणि बाजारात तिला काय भाव मिळाला, हे विचारले गेले, तर आजीच्या काळच्या त्या वाक्याचा राहिलेला अर्धा भाग पूर्ण होईल.

#थ्रेड समाप्त